लुगडं कुणाचं?

डिसेंबर-जानेवारीत आमच्या भागातल्या शाळांमध्ये स्नेहसंमेलनाची गडबड सुरू होते आणि त्यात एक दिवस ‘ट्रॅडिशनल डे’साठी राखलेला असतो. मुलं फेटे बांधतात, मुली नऊवारी नेसतात. नेसतात म्हणायचं एवढंच. बहुतेक जणी शिवलेली नऊवारी सलवारीसारखी पायात चढवतात आणि चापाची नथ लावतात. हा सगळा साज आता तालुक्याच्या गावी भाड्यानं मिळतो. उजनी धरणाच्या काठी गेली अनेक वर्षं शिकवताना मला एक गोष्ट दरवर्षी दिसते. त्या दिवशी मुस्लिम मुली एक तर शाळेला येत नाहीत, नाहीतर शरारा घालून येतात.

शाळेत एखाद्या बाई अगदी प्रेमानं म्हणतात, “तुमचं ट्रॅडिशनल वेगळं असतं ना गं?” घरी कुणीतरी म्हणतं, “वो अपने में नहीं चलता.” बोलणारे दोघं एकमेकांना ओळखत नसतील, पण दोघांचं म्हणणं एकच आहे. नऊवारी हिंदूंची. आणि दोघांनाही वाटतं की हे असंच पूर्वापार चालत आलंय.

मला हे पटत नाही. विसाव्या शतकात आपल्याकडच्या बायका काय नेसत होत्या, ते कुणी विणलं, कुणी शिवलं आणि त्यातली फॅशन कुणी बदलली, याची नीट हजेरी घेतली तर लुगड्यावर एका धर्माचं नाव घालता येत नाही. आज ती हजेरी घेऊ.

नेसणाऱ्या

१८८४ साली छापलेल्या सोलापूर जिल्ह्याच्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये जमातवार माहिती दिलेली आहे. कोण काय खातं, काय धंदा करतं, काय नेसतं. त्यातलं मुसलमानांचं प्रकरण वाचलं की कारागीर आणि शेतकरी जमातींच्या बायकांच्या पेहरावात पुन्हा पुन्हा एकच जोडी भेटते, लुगडं आणि चोळी. हे लिहिणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांना आपल्या आजच्या भांडणाशी काही देणंघेणं नव्हतं. समोर दिसलं ते त्यांनी लिहिलं.

माझी दादी भीमेकाठच्या ज्या गावात नांदायला आली, ते गाव आज पाण्याखाली आहे. ती जन्मभर लुगडं नेसली. शेजारच्या मराठा, धनगर, कोळी घरांतल्या बायका कासोटा घालायच्या, दादी गोल नेसायची. पदर सगळ्यांच्याच डोक्यावर. तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं आणि गळ्यात डोरल्याच्या जागी काळ्या पोतीचा लच्छा होता. हात मात्र शेजारणींसारखेच हिरव्या बांगड्यांनी भरलेले. खुरपायला जाताना ती ओचा खोचायची, नमाजला उभी राहताना तोच पदर अंगभर लपेटून घ्यायची. ईदला नवं लुगडं, शेजारच्या घरी लग्न असलं की आहेराचं लुगडं. फरक नेसण्याच्या तऱ्हेत होता. कापड एकाच दुकानातलं, एकाच गठ्ठ्यातलं.

तिला कुणी विचारलं असतं की हे तुमचं पारंपरिक आहे का, तर तिला प्रश्नच कळला नसता.

विणणारे

आता ते कापड येत कुठून होतं ते बघा. आपल्या बाजारातलं रोजच्या वापराचं सुती लुगडं बऱ्याचदा मालेगावचं असे. १८५७ च्या उठावानंतरच्या काळात उत्तर हिंदुस्थानातून मोमीन विणकरांची कुटुंबं मालेगावात येऊन राहिली. आधी हातमागावर आणि पुढे यंत्रमागावर त्यांनी रंगीत सुती लुगडी विणली. नवरा मागावर, बायको आणि पोरं कांड्या भरायला, असा तो सगळ्या घराचा धंदा. पहाटेची अजान झाली की मागाचा खटका सुरू व्हायचा आणि त्यातून निघालेलं लुगडं कुठल्यातरी गावात हळदी-कुंकवाला नेसलं जायचं. त्या विणकराला आपण कुणासाठी विणतोय हे पक्कं ठाऊक होतं. काठ किती बोटं रुंद हवा, पदरावर पट्टे किती, कुठल्या भागात हिरवा खपतो आणि कुठे जांभळा, हे त्याला तिथल्या व्यापाऱ्याइतकंच कळत होतं. आज ज्यांना आपण डिझायनर म्हणतो त्यांचं काम याहून वेगळं काय असतं?

जवळचं म्हणजे सोलापूर. तिथे १८७७ साली जुनी मिल सुरू झाली, मग आणखी गिरण्या आल्या. गिरण्यांच्या बरोबरीनं हातमाग होतेच. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी सोलापूरची चादर देशभर नेली हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्याच मागांवर लुगडीही निघत होती.

जरा ठेवणीतलं हवं असेल तर इरकली. ती कर्नाटकातल्या इलकल गावची. अंग सुताचं, काठ आणि लाल पदर रेशमाचा, पुढे कृत्रिम रेशमाचा. त्यातली करामत जोडणीत आहे. अंगाचे उभे धागे आणि पदराचे उभे धागे वेगळे असतात आणि ते एकमेकांत फासे घालून मागावरच जोडले जातात. चोळीचा खण यायचा गुळेदगुड्डहून, तोही त्याच मुलखातून.

मी भाषेची शिक्षिका आहे, त्यामुळे माझं लक्ष आपोआप भाषेकडे जातं. मालेगावच्या विणकराच्या घरात उर्दू, सोलापूरच्या विणकराच्या घरात तेलुगू, इलकल-गुळेदगुड्डच्या घरात कन्नड. नेसणारणीच्या घरात मराठी किंवा आमची दख्खनी. ज्याला आपण अस्सल मराठी पेहराव म्हणतो, त्याचं सूत चार-पाच भाषांच्या हातांतून आलंय. अस्सलपणा कमी होतो का यानं? मला तर वाटतं यानंच तो वाढतो. मराठी भाषेतूनही फारसी शब्द काढून टाकले तर बाजारात साधं वांगं विकत घेता येणार नाही. ‘बाजार’च उरणार नाही.

शिवणारे आणि बांगड्या भरणारे

लुगड्याला कात्री लागत नाही. चोळीला लागते. जुनी चोळी तुकडे जोडून शिवलेली, पुढे गाठ मारायची. ती घरीही शिवली जाई. मग हातशिलाईची जागा मशीननं घेतली आणि चोळीच्या जागी पोलकं आलं, झंपर आला. तिथून गावचा शिलाईवाला महत्त्वाचा झाला. आमच्या पट्ट्यात हा धंदा शिंपी समाजाचा आणि मुसलमानांचा. बायका दुकानात माप द्यायला उभ्या राहत नसत, मापाचं जुनं पोलकं पाठवत. त्या एका पोलक्यावरून तो नवं बेतायचा. बाळंतपणानंतर किती सोडायचं, म्हातारीला बाही किती सैल लागते, नव्या नवरीला सासूच्या नजरेत न खुपेल इतकाच गळा किती खोल चालेल, हे त्याला न सांगता कळायचं.

फॅशन गावात आणली ती यानंच. तो तालुक्याला किंवा जत्रेतल्या तंबूत सिनेमा बघायचा. पडद्यावरची फुग्याची बाही डोक्यात साठवून यायचा आणि दोन महिन्यांनी ती बाही वाड्यातल्या पाटलीणबाईंच्या आणि पिंजाऱ्याच्या सुनेच्या अंगावर दिसायची. कापड कमी असलं तर फुगा लहान, एवढंच.

मनियारही असाच. नवरीला हिरवा चुडा भरल्याशिवाय लग्न लागत नाही, आणि आमच्या कितीतरी गावांमध्ये तो चुडा भरणारा मनियार मुसलमान. बांगड्या फिरोजाबादच्या काचेच्या, मंत्र भटजींचे, हात मनियाराचा. परक्या पुरुषाच्या हातात लेकीचा हात बिनघोर द्यावा अशी त्या काळातली बहुधा ही एकच जागा. आज कुणी त्याला दारावरून परत पाठवायचं म्हणालं, तर आधी त्यानं आपल्या आजीचं लग्न कुणाच्या हातून सजलं ते विचारून यावं.

फॅशन बदलणारे

नऊवारीवरून पाचवारीकडे हा विसाव्या शतकातला सगळ्यात मोठा बदल. त्याची एक सुरुवात मुंबईत सापडते. पहिले भारतीय आयसीएस सत्येंद्रनाथ टागोर १८६४ नंतर मुंबई इलाख्यात नोकरीला आले, तेव्हा त्यांची पत्नी ज्ञानदानंदिनी देवी बरोबर होती. पारशी बायकांची साडी बघून तिनं आपली पद्धत बसवली. आत परकर आणि पोलकं, पुढे निऱ्या, खांद्यावर पदर. बंगालात ती ‘मुंबईची पद्धत’ म्हणूनच ओळखली गेली. आज ज्याला सगळा देश भारतीय स्त्रीची साडी म्हणतो, त्या नेसण्यात पारशी घरांचा आणि एका बंगाली सुनेच्या हिकमतीचा वाटा आहे. सत्येंद्रनाथ पुढे नोकरीनिमित्त आपल्या सोलापुरातही होते, हे आम्ही सोलापूरकर सोयीनं विसरतो.

दुसरं नाव बालगंधर्वांचं. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. त्यानंतर पुण्या-मुंबईच्या घरंदाज बायका शालू कसा नेसायचा, अंबाड्यावर गजरा कसा माळायचा, हे एका पुरुषाकडे बघून शिकत होत्या. पुढे त्यांच्याच रंगभूमीवर नायिकेच्या भूमिकांत उभ्या राहिल्या गोहरबाई कर्नाटकी, म्हणजे एक मुसलमान गायिका. मराठी नायिकेचा आदर्श साज आधी एका ब्राह्मण पुरुषानं आणि मग एका मुस्लिम बाईनं अंगावर वागवला, आणि प्रेक्षकांनी दोघांनाही डोक्यावर घेतलं.

तिसरं नाव मी वर्गात हमखास सांगते, कारण मुलींना ते माहीत नसतं. भानू अथैया. कोल्हापूरच्या राजोपाध्ये घरात १९२९ साली जन्मलेली मुलगी. वडील चित्रकार. ती मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकली, नियतकालिकांसाठी फॅशनची रेखाटनं करू लागली आणि तिथून सिनेमात आली. ‘सी.आय.डी.’, ‘साहिब बीबी और गुलाम’, ‘वक्त’, ‘आम्रपाली’ यांचे कपडे तिचे. १९८३ साली ‘गांधी’साठी जॉन मोलो यांच्याबरोबर तिला ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणारी ती पहिली भारतीय व्यक्ती. २०२० साली ती गेली. मृत्यूच्या आठ वर्षं आधी तिनं ते ऑस्कर अकादमीकडे परत सोपवलं होतं, ते नीट जपलं जावं म्हणून.

भानू अथैयांच्या दोन गोष्टी थेट आपल्या गावापर्यंत आल्या. १९६८ च्या ‘ब्रह्मचारी’त मुमताजसाठी त्यांनी साडीच शिवून टाकली, चेन लावून, म्हणजे नाचताना ती सुटू नये. आज ‘ट्रॅडिशनल डे’ला मुली जी शिवलेली नऊवारी चढवतात, ती याच विचाराची धाकटी बहीण. आणि १९६५ च्या ‘वक्त’मध्ये साधनाच्या अंगावर दिसला तो अंगाबरोबर बसणारा कुर्ता आणि चुडीदार. त्यानं काय झालं ते पुढे बघा.

कपड्यांची अदलाबदल

माझ्या लहानपणी गावात सलवार-कमीज घातलेली मुलगी दिसली तर बायका म्हणायच्या, शहरातली असेल नाहीतर मुसलमानाची. त्या कपड्याचं नावच आपण ‘पंजाबी ड्रेस’ ठेवलं, म्हणजे तो आपला नाही हे नावातच सांगून टाकलं. मग तो कॉलेजात आला, मग हायस्कुलात. सायकलवर बसायला बरा, अंग झाकायला बरा, धुवायला सोपा. आज करमाळा, माढा, इंदापूर तालुक्यांतल्या कितीतरी शाळांचा गणवेशच तो आहे. पाटलाची मुलगी, वडाराची मुलगी, मौलवींची मुलगी, सगळ्या एकाच रंगाच्या कमीजमध्ये प्रार्थनेला उभ्या असतात. याला कुणी धर्मांतर म्हणत नाही, आणि म्हणूही नये.

मग उलट्या बाजूला काय झालं? जे लुगडं सगळ्यांचं होतं, ते त्याच काळात रोजच्या अंगावरून उतरलं. रोजचं होतं तोवर त्याला धर्म नव्हता. ते कपाटात गेलं, मग सण, मिरवणूक आणि स्टेजपुरतं बाहेर येऊ लागलं, आणि स्टेजवर गेल्यावर त्याला ओळखपत्र चिकटलं. बुरख्याचंही आमच्या गावांत तसंच. दादीच्या पिढीत तो शेतात राबणाऱ्या घरांमध्ये क्वचितच दिसायचा. आज तो ‘पूर्वापार’ समजला जातो. कुठल्याही कपड्याला ‘पूर्वापार’ म्हणण्याआधी तीन पिढ्या मागे जाऊन बघायला काय हरकत आहे?

इथे दोन आक्षेप येतात. एक म्हणजे, कपडे बदलणारच, त्यात रडायचं काय? मी रडत नाहीये. नऊ वार सुती कापड धुवून, पिळून, वाळत घालणं किती जिवावर यायचं ते मी घरात बघितलंय. माझी आई पाचवारी नायलॉनवर आली तेव्हा तिचा दिवसातला वेळ वाचला. कुणी पुन्हा रोज लुगडं नेसावं असं माझं मुळीच म्हणणं नाही. बदल झाला हे चांगलंच झालं. बदल झाल्यावर मागच्या मालकीचे कागद खोटे करू नयेत, एवढंच.

दुसरा आक्षेप आमच्या घरातला. लुगडं दीनमध्ये बसत नाही. दीननं अंग झाकायला सांगितलं, हया सांगितली. कापडाची लांबी आणि गावचं नाव सांगितलं नाही. आपल्याच छत्रपती संभाजीनगरचं, म्हणजे जुन्या औरंगाबादचं मशरू घ्या. ‘मशरू’ म्हणजे शरीयतला चालणारं. पुरुषांना रेशीम अंगाला लावायची मनाई, म्हणून विणकरांनी बाहेरून रेशीम आणि आतून, अंगाला लागेल तिथे, सूत असं कापड काढलं. मनाईतून हुनर निघाला आणि ते कापड पुढे हिंदू घरांतही चोळ्यांना वापरलं गेलं. आपले पूर्वज असे वाट काढणारे होते. माझी दादी पाच वेळची नमाजी होती आणि तिच्या इतकी अंगभर झाकलेली बाई मी कमी बघितली. बुरखा घालायचा की नाही हे जिचं तिनं ठरवावं. माझ्या वर्गात दोन्ही प्रकारच्या मुली आहेत. पण दादीला मागे जाऊन कमी मुसलमान ठरवण्याचा हक्क कुणालाही नाही.

पुरावा कुठे आहे

भीमेवरच्या उजनीचं भूमिपूजन १९६६ मध्ये झालं, धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. नदीकाठची जुनी गावं उठली. उन्हाळ्यात यशवंतसागर ओसरला की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, बुरूज दिसतात, लोक होडीत बसून फोटो काढायला जातात. दगड पाण्यात टिकतो. कापड टिकत नाही. गाव उठताना शिलाईवाला एकीकडे गेला, मनियार दुसरीकडे, आणि कुणाचं पोलकं कुणी शिवलं ही माहिती कुठल्याच पुनर्वसनाच्या यादीत नव्हती.

शिवाय आपल्या बायकांनी जुनं कापड ठेवलंच नाही. लुगडं मध्ये विरलं की विरलेला भाग कापून टोकं जोडायची, याला दांड घालणं म्हणतात. दांड घातलेलंही फाटलं की त्याची वाकळ. म्हणून आपल्या गावात विसाव्या शतकाच्या फॅशनचं संग्रहालय शोधायचं तर ते वाकळीत आहे. एखादी जुनी वाकळ उसवली तर थरावर थर निघतात. वर नायलॉन, मग पाचवारी सुती, आणि तळाशी लुगडी. आणि त्या वाकळी हिंदूंच्या घरातल्या की मुसलमानांच्या, हे नुसत्या कापडावरून ओळखून दाखवा, असं मी कुणालाही सांगेन.

गेल्या काही वर्षांपासून मी आठवी-नववीच्या मुलांना सुट्टीत एक काम देते. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला तीन प्रश्न विचारायचे. तुझं लग्नाचं लुगडं कुठल्या गावचं होतं? तुझी चोळी-पोलकी कुणी शिवली? तुझा चुडा कुणी भरला? उत्तरं आजी सांगेल त्याच शब्दांत लिहायची, दख्खनीत, मराठीत, वडारीत, कशातही. मुलं सुरुवातीला कंटाळतात, पण परत येतात ती उत्साहानं, कारण आजी तासभर थांबलेलीच नसते. वहीत हिंदू आजींच्या उत्तरांत मुसलमान शिलाईवाले येतात, मुसलमान दादींच्या उत्तरांत शिंपी आणि मारवाडी दुकानदार येतात. मला मुद्दाम काही शिकवावं लागत नाही.

हे काम कुठलीही शाळा करू शकते, त्याला अनुदान लागत नाही. भानू अथैयांचं ऑस्कर जपायला अकादमी आहे. आपल्या शिलाईवाल्याचं आणि मनियाराचं नाव जपायला फक्त त्या म्हाताऱ्या बायकांची आठवण आहे, आणि त्या बायका आता ऐंशीच्या पुढे गेल्यात. तुमच्या घरात अशी कुणी असेल तर या आठवड्यात तिच्याजवळ बसा आणि ती सांगेल ती नावं लिहून घ्या. जातीचा आणि धर्माचा रकाना आखू नका. गावाचा आखा, कामाचा आखा. आणि तुमच्या मुलीला दादीसारखं गोल लुगडं, डोक्यावर पदर आणि काळी पोत घालून शाळेत जावंसं वाटलं, तर तिला हे सांगून पाठवा की ती कुणाचं काही उसनं घेऊन चाललेली नाही.